भरवशाचा नंबर

सवारी रिक्षात बसली, ट्रंक पायाशी ठेवून झाली, पत्ता सांगून झाला, की मामा सीटवरून खाली उतरायचे. तिन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघायचे, ब्रेक दोनदा ओढायचे, साखळीवरून बोट फिरवून ते पायजम्याला पुसायचे आणि म्हणायचे, "दिसाले तं चांगलं हाय. टायमावर कामाले येते का, थे पाहू द्या."

सवारीचा जीव वरखाली. "अहो मामा, गाडी सुटेल माझी!"

"अन् रस्त्यात चाक बसलं तं मंग कोनती गाडी भेटते तुम्हाले?"

हे वाक्य त्यांनी फक्त रिक्षापुरतं ठेवलेलं नव्हतं. कोणी नवी छत्री आणली, कोणाच्या पोरीला स्थळ आलं, वॉर्डात निवडणुकीला नवा उमेदवार उभा राहिला, की मामा आधी डोळे बारीक करून बघणार आणि म्हणणार, दिसाले तं चांगलं हाय. पुढचं वाक्य आम्ही स्टँडवरची माणसं एका सुरात म्हणायचो. ते रागवत नसत. "हसा गा, हसा. छत्री वाऱ्यात उलटली का मंग मी हसतो."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. दोन घटका त्याची थट्टा करावी आणि अडचण आली की सगळ्यांनी त्याच्याकडेच धावावं, असं.

मी मूळचा कोकणातला. सातवीतून शाळा सुटली आणि हात चालवत चालवत थेट नागपुरात येऊन पोचलो. महालातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, व्हिजिटिंग कार्डं. छापखान्यासमोरच सायकलरिक्षांचा स्टँड. मामा तिथले सगळ्यात जुने. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातले. ते अक्षर कसंबसं लावून वाचायचे, पण वाचायचे रोज. आमच्याकडची फुकट गेलेली प्रुफं मागून न्यायचे आणि सवारी नसली की सीटवर बसून कोणातरी अनोळखी माणसाची लग्नपत्रिका 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' पासून 'स्थळा'पर्यंत वाचून काढायचे.

मी नागपुरात सहा वर्षं होतो, पण मनाने कायम गाठोडं बांधून बसलेला. घरचं पत्र आलं की ते उघडायला मला धीर होत नसे, आणि नाही आलं तर झोप लागत नसे. याला कारण होतं. वडील गेले तेव्हा दिवाळी होती. छापखान्याला पाच दिवस सुट्टी. तारवाल्याने तार दाराखालून आत सरकवली आणि ती तिथेच पडून राहिली. सहाव्या दिवशी मीच कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं, आणि तारेवरच पाय दिला. माझ्या चपलेचा ठसा उमटलेली ती तार अजून माझ्याकडे आहे. घरी पोचलो तेव्हा वडिलांना जाऊन आठवडा होऊन गेला होता. त्या दिवशी स्टेशनपर्यंत मला मामांनी नेलं होतं. एवढंच, की त्या दिवशी चाकं तपासायला ते थांबले नाहीत.

नंतर लग्न झालं. बायकोला नागपुरात आणलं. पहिल्या खेपेला गर्भ राहिला तो पाचव्या महिन्यात गेला, तीही जाता जाता वाचली. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात तिला माहेरी पाठवून दिली, आणि श्रावण सुरू झाला तसं मेहुण्याचं पत्र आलं.

"भावोजी, बाळ आडवं आहे. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, कळा येण्याची वाट बघायची नाही, दिवस बघून ऑपरेशन करू. रक्त लागणार. तुमचं रक्त ताईला चालतं हे मागेच तपासलं आहे. इथे गावात रक्ताचं नाव काढलं की माणसं मागल्या दाराने जातात. डॉक्टर दिवस ठरवतील त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत तुम्ही इथे हवे. तारही करीन, पण तारेचं तुम्हाला माहीतच आहे. भरवशाचा एखादा फोन नंबर कळवा. तुम्ही नक्की सापडाल असा."

ते पत्र मी मालकांना दाखवलं. माणूस वाईट नव्हता, पण गणपती तोंडावर आले होते. "आठ दिवस देतो. कधीचे ते तू ठरव. आधी जाऊन बसलास आणि डॉक्टरांनी तारीख पुढं ढकलली, तर मी काही करू शकत नाही. पावतीपुस्तकांचा ढीग बघतोयस ना?"

म्हणजे लवकर जायचं नाही आणि उशिराही नाही. सगळं एका फोनवर आलं. आणि फोन तर आमच्या छापखान्यातही नव्हता. मालकांचा अर्ज किती वर्षं पडून होता कोण जाणे.

आता गंमत अशी, की दुसऱ्यांच्या फोनचे नंबर छापण्यात माझी हयात चालली होती. ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजाऱ्याचा नंबर कार्डावर टाकत, पुढे कंसात 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. कार्ड कसं भारदस्त दिसायचं! त्या शेजाऱ्याकडून निरोप खरोखर मिळतो का, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

मी पत्र घेऊन स्टँडवर गेलो. मामांना म्हणालो, "रामदासपेठेत त्या मोठ्या डॉक्टरांची लेटरहेडं आपण छापतो. त्यांचा नंबर देतो. दवाखाना आहे, फोन कधी बंद नसणार."

मामांनी डोळे बारीक केले. "दिसाले तं..."

"मामा, थट्टा नको."

"थट्टा कोन करून राहिला? दवाखाना तिकडं, तू इकडं. फोन तिथं वाजला, घेतला, 'बरं' म्हनून ठेवला. मंग महालात निरोप घेऊन धावनार कोन? डॉक्टर?" थोड्या वेळाने म्हणाले, "फोन काय गा, घंटी हाय. घंटी कोनीबी वाजवते. बसन का रिक्षात? चाल, एकेक पाहू."

असे आम्ही फोन बघायला निघालो. लोक मुली बघायला जातात तसे.

मामांची पद्धत पक्की होती. मी दुकानात गिऱ्हाइकासारखं उभं राहायचं, काही बोलायचं नाही. मामा पोस्टाजवळच्या नाणं टाकायच्या फोनवरून तिथे फोन करणार आणि माझ्यासाठी निरोप सांगणार. निरोप माझ्यापर्यंत पोचतो की नाही, किती वेळात पोचतो, ते बघायचं. दुकानमालकांना आधी कल्पना द्यावी असं मी सुचवलं. मामा म्हणाले, "सांगून पाह्यलं का सारेच चांगले वागते. सासरचे लोक नाई पाह्यले का तू?"

मामांनी तोवर आयुष्यात फोन केला नव्हता. नाणं कधी टाकायचं, नंबर कसा फिरवायचा ते मी शिकवलं. बोलायचं मात्र त्यांना त्यांच्या पद्धतीनेच आलं. फोन नसताच तर जेवढ्या मोठ्याने ओरडावं लागलं असतं, तेवढ्याच मोठ्याने ते फोनमध्ये ओरडायचे.

पहिलं दुकान कापडाचं. फोन काचेच्या पेटीत, डायलला छोटं पितळी कुलूप, खाली क्रोशाचा रुमाल. मी टॉवेल चाळत उभा. फोन वाजला. गादीवरच्या माणसाने उचलला, कानापासून हातभर लांब धरला, तरी मामांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला: "समोरच्या छापखान्यातला कोकन्या हाय, त्याले बलवा!" गादीवरचा माणूस म्हणाला, "यहाँ कोई नहीं है," आणि फोन ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, मोठा दाखवू का टॉवेल?"

दुसरी लाकडाची वखार. मालक मनाने दिलदार, म्हणाला हवा तेवढा वेळ बसा. आरा चालू होता. मी फोनवर डोळे लावून बसलो. मधेच मला वाटलं, टेबलावरची पेन्सिल थरथरते आहे. मग पेन्सिल थांबली. नंतर मामा आले ते घामाघूम. "तीन डाव लावला बे! झोपला होता का?" फोन तीनदा वाजून गेला होता. आऱ्याच्या आवाजात मालकाला नाही, मला नाही, कोणालाच ऐकू आला नव्हता. मालक खजील होऊन म्हणाला, "अरेच्चा, म्हणूनच माझे व्यापारी चिडतात वाटतं."

तिसरा एक वैद्य. निरोप त्यांनी नीट घेतला, पण दुसऱ्या दिवशी सांगितला.

माझा धीर सुटत चालला होता. रात्री स्वप्नात मला पेन्सिल थरथरताना दिसायची. मेहुण्याला काहीतरी नंबर कळवून मोकळं व्हावं असं वाटायचं. मामा ऐकत नव्हते. "कायतरी नंबर द्याले तुले मी कशाले पाह्यजे? देऊन टाक वखारीचा."

शेवटी ते मला छापखान्याशेजारच्या गल्लीत घेऊन गेले. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. मुलगा पुण्याला, त्याने आईसाठी फोन बसवून दिलेला. तो दर रविवारी सकाळी फोन करी. बाकी आठवडाभर फोन गप्प. बाई एकट्या, गुडघे दुखत म्हणून उंबऱ्याबाहेर फारशा पडत नसत.

दार उघडलं. मी काम सांगितलं. बाईंनी मला नाव, गाव, शिक्षण विचारलं, सातवी ऐकून चूक् केलं आणि आत बोलावलं. मामा माझ्या मागोमाग पायरी चढले, तशा त्या म्हणाल्या, "ए, तू खालीच थांब."

मामा खाली उतरले.

माझे कान तापले. आत मी काय बोललो मला आठवत नाही. बाईंनी हजेरीपटासारखी वही काढली, माझं नाव लिहिलं, मेहुण्याचं गाव लिहिलं, डॉक्टरांनी काय सांगितलं ते विचारून तेही लिहिलं. फोन उचलून माझ्या कानाला लावला, "ऐका, खरखर आहे का बघा," म्हणाल्या. खरखर नव्हती. आभार मानून मी बाहेर आलो, रिक्षात बसलो आणि म्हणालो, "मामा, दुसरीकडे बघू."

"काहून?"

"तुम्हाला माहीत आहे."

मामांनी पायडल मारलं नाही. मागे वळले. "मले राह्याचं हाय का तिच्या घरी? तुह्या बायकोचा फोन येनार हाय तिथं. फोन चालू हाय, बाई घरी राह्यते, लिहून घेते, इसरत नाई. अजून काय पाह्यजे?"

"पण त्यांनी तुम्हाला..."

"पायरीचं मी पाहून घेतो. साठ वर्सं पाहून राहिलो. तू नंबर पाह्य."

मग स्वतःच उतरून ते खिडकीखाली गेले. "बाई! फोन आला का तुम्ही तं धावत येनार नाई. या खिडकीतून स्टँड दिसते. हाक मारा. मी त्याले आनतो."

आतून आवाज आला, "हाक काय म्हणून मारू?"

"सारे मामा म्हनते."

आत वहीचं पान उलटलं. मग, "बरं."

पण मामांच्या लेखी अजून परीक्षा झालेलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यांनी मास्तरीणबाईंकडे सकाळी फोन केला, भर दुपारी त्या झोपतात तेव्हा केला, आणि धो धो पावसात भिजत पोस्टावर जाऊन दोनदा केला, ओल्या वायरीने फोन बंद पडतो का हे बघायला. प्रत्येक वेळी बाईंनी उचलला. चौथ्या वेळी त्या फोनवर कडाडल्या, "पुरे आता! मी पस्तीस वर्षं परीक्षा घेतल्या, माझी कोणी इतकी घेतली नाही!" मामा पोस्टावरून परतले ते हसतच. "लिही तुह्या साळ्याले. हाच नंबर."

नंबर कळवला आणि माझी वाट बघणं सुरू झालं. मी दिवसातून तीनदा बाईंच्या दारात. "फोन चालू आहे ना? जरा उचलून बघता का?" एकदा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, मी उचलून बघत असताना तिकडून लागला, तर त्यांना लागणार कसा?" त्यानंतर मी दुरूनच खिडकीकडे बघून यायचो.

मामांनी लांबच्या सवाऱ्या बंद केल्या. मला हे आठ दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्या रिक्षावाल्याकडून. स्टेशन म्हटलं की मामा म्हणायचे, चाक ढिल्लं हाय. सीताबर्डी म्हटलं की, कंबर धरली. हाकेच्या टप्प्यातली सवारी असली तरच निघायचे. मी जाऊन बोललो, "मामा, हे बरोबर नाही. तुमचं पोट आहे." ते म्हणाले, "तुह्या बायकोचंबी हाय." आणि लग्नपत्रिका वाचायला लागले.

पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, बडग्ये निघतात. बाहेरच्यांना सांगायचं तर, बांबूच्या कामट्या, पोती, चिंध्या यांचे मोठाले पुतळे करायचे, त्यांना वर्षभरातल्या सगळ्या वाईट गोष्टी चिकटवायच्या, आणि ओरडत-नाचत गावाबाहेर नेऊन जाळायचे. आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्या वर्षी महागाईचा बडग्या केला होता. हातगाडीवर उभा, वर उगारलेला हात, हातात रिकामी तेलाची बाटली. उंच असा, की गल्लीत त्याच्यापुढे घरं बसकी दिसत होती.

सगळे बडग्या बघत होते. मामा वर बघत होते. खांबावरून मास्तरीणबाईंच्या खिडकीवर जाणारी फोनची वायर गल्ली ओलांडून गेली होती, आणि मधे चांगलीच लोंबत होती.

त्यांनी आदल्या दिवशीच बांबू लावून माप घेतलं. पोरांना म्हणाले, "हात कापा त्याचा. कोपरापासून."

"अहो मामा, हातातच तं सारी गंमत हाय!"

"मंग झोपवून न्या."

"बडग्या झोपवून नेते का कोनी? मुडदा हाय का थो? आम्ही बांबूनं वायर वर करू ना!"

"तुम्ही पोट्टे. डफडं वाजलं का नाचान का वायर धरान?"

पोरं हसली. मामा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पावत्या जुळवत होतो. बाहेर डफड्यांचा गदारोळ. 'रोगराई घेऊन जा गे मारबत!' असा ओरडा पार आतल्या खिळ्यांच्या खणांपर्यंत येत होता. पाऊस भुरभुरत होता. तेवढ्यात छापखान्याच्या दारात मास्तरीणबाई उभ्या. पदर कमरेला खोचलेला, केस ओले, एका पायात चप्पल, दुसरी कुठेतरी गर्दीत गेलेली. त्यांना श्वास पुरत नव्हता. ज्या उंबऱ्याबाहेर पडत नसत, त्या गर्दीतून धावत आल्या होत्या.

"चला. ट्रंक कॉल. तुमच्या नावाने."

मी शाई लागलेल्या हातांनी धावलो. वाटेत बाई तुटक तुटक सांगत होत्या. फोन आला. ऑपरेटर म्हणाला, माणसाच्या नावाने बुक केलेला कॉल आहे, त्या माणसालाच बोलवा, धरून ठेवतो. बाईंनी खिडकीतून हाका मारल्या, डफड्यांत कोण ऐकतं? म्हणून त्या खाली उतरल्या आणि मामांपर्यंत गेल्या.

आणि मामा? गल्लीच्या वळणावर आलो तेव्हा मला दिसले. रिक्षा गल्लीत एका बाजूला लावलेली. सवारी बसते त्या गादीवर मामा उभे. दोन्ही हात डोक्यावर, हातात टोकाला फाटा असलेला बांबू, त्या दुबेळक्यात वायर उचलून धरलेली. पाणी मनगटावरून बाहीत उतरत होतं. खालून महागाईचा बडग्या हळूहळू सरकत होता, त्याची तेलाची बाटली वायरीच्या वीतभर खालून. पोरं खरंच नाचत होती. मागे अजून दोन बडग्ये रांगेत होते.

बाईंनी त्यांचा पायजमा ओढून फोन आल्याचं सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी वरूनच उत्तर दिलं होतं, "बाई, मी हे सोडलं का फोन गेला. तुम्ही जा. डाव्या हाताले छापखाना."

मी त्यांच्या शेजारून गेलो. त्यांनी मान खाली केली नाही. वायरीवर नजर ठेवूनच ओरडले, "पाह्यत काय उभा राहिला बे भैताडा, जा नं!"

फोनमध्ये आधी समुद्रासारखा आवाज, मग ऑपरेटर, मग फार लांबून मेहुणा. "भावोजी, परवा दुपारी ठरवलंय. आजची गाडी पकडा. येताय ना?"

"येतो," मी म्हणालो. "येतो. येतो." किती वेळा म्हणालो कोण जाणे. बाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि व्यवस्थित म्हणाल्या, "ते आजच निघत आहेत. मी स्वतः बघते."

खिडकीबाहेर मामा अजून तसेच उभे होते. तिसरा बडग्या जायचा होता.

संध्याकाळच्या गाडीला मला दुसऱ्या रिक्षाने जावं लागलं. मामांचे खांदे वर उचलत नव्हते, हँडल धरवत नव्हतं. दुसऱ्या रात्री उशिरा मी तालुक्याला पोचलो आणि तिसऱ्या दिवशी वेळेत त्या बाकड्यावर झोपलो, हात पुढे केला.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सायकलरिक्षांचा तो स्टँड उठला, ऑटो आले. मी खिळ्यांचं काम सोडलं. मामांचा एकही फोटो कोणाकडे नाही. त्यांचं नाव मला पुढे कळलं, पण ते इथे लिहीत नाही. आमच्यात ते कधी वापरलं गेलं नव्हतं, आणि आता छापून ते परक्यासारखं दिसेल. त्यांची आठवण काढली की मला चेहऱ्याआधी आवाज आठवतो, तोही समोरचा नाही, एका फोनवरचा.

ऑपरेशन पार पडलं, मुलगी झाली. मी तडक पोस्टात गेलो आणि नागपूरचा ट्रंक बुक केला. निरोप ठेवून चाललं असतं. बाईंनी तो वहीत लिहिला असता आणि खिडकीतून सांगितला असता. पण मी नावाचा कॉल मागितला. ऑपरेटरने विचारलं, "कोणाला बोलवायचं? नाव?"

नाव मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "मामा. रिक्षावाले मामा."

"नुसतं मामा?"

"तेवढंच लिहा. त्यांनाच द्या, दुसऱ्या कोणाला नको."

दोन तासांनी लाइन लागली. मास्तरीणबाईंनी उचलला. ऑपरेटरने त्यांना नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी निरोप घेते ना." ऑपरेटर म्हणाला, "नाही बाई, त्यांनाच बोलवावं लागेल." मी कान दाबून उभा. मग खिडकीची कडी वाजली आणि बाईंचा आवाज, फोनपासून लांब, रस्त्याकडे तोंड करून:

"मामा! वर या. फोन आहे तुमचा." आणि थोडं थांबून, "तिथे नाही हो. आत. आत या म्हणते ना मी."

पावलं ऐकू आली. ती दारात थांबली. मग पुढे आली. मग फोनमध्ये नुसता श्वास.

"मामा," मी म्हणालो, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

मला वाटलं, आता ते ओरडतील आणि माझा कान जाईल. पण मामा इतक्या हळू बोलले, की मला तेवढ्याने सगळं पोस्ट गप्प झाल्यासारखं वाटलं. जणू त्या घरात मोठ्याने बोललं तर काही फुटेल.

"पोरगी झाली म्हनते, बाई," ते तिकडे म्हणाले. आणि मग मला, "रक्त देल्लं नं?"

"दिलं, मामा."

"मंग काही खाल्लं का नाई तू?"

मी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. पण मी म्हणालो, "खाल्लं."

"खोटं बोलून राहिला," मामा म्हणाले. "ठेव फोन. आधी जेव."